सुईण, सिझर आणि बाळाच्या पोटातले जिवाणू



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. घरात नात आली आहे, त्यामुळे दिवस कधी उगवतो आणि कधी मावळतो ते कळत नाही. आत्ता ती झोपली आहे. किती वेळ झोपेल ते तिचं तिलाच माहीत, म्हणून भराभर लिहिते.

आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. सूनबाईचं सिझर झालं. बाळ आडवं होतं, थांबण्यात धोका होता, डॉक्टरांनी निर्णय घेतला आणि सगळं सुखरूप पार पडलं. पुढे महिन्याभराने मला व्हॉट्सॅपवर एक मेसेज आला. मी तो अर्धामुर्धा वाचला आणि घरच्या ग्रुपवर ढकलून दिला. आम्ही म्हातारी माणसं हे असंच करतो! त्यात लिहिलं होतं की नैसर्गिक बाळंतपणात आईकडून बाळाला चांगले जिवाणू मिळतात, सिझरच्या बाळाला ते कधीच मिळत नाहीत आणि म्हणून ती मुलं जन्मभर नाजूक राहतात. शेवटी ठरलेलं वाक्य होतंच, आपल्या आजीच्या काळी असं नव्हतं.

संध्याकाळी सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, तुम्ही पाठवलंत ते वाचलं. मग आता मी काय करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. जन्मभर मुलांना 'पुस्तक नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका' असं सांगितलं आणि स्वतः काय केलं तर हे. मग ठरवलं की आधी नीट वाचायचं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जिवाणूंशी माझा संबंध दही लावण्यापुरता. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने दोन रविवार माझ्यासाठी खर्च केले. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. चूक असेल तर माझी, तिची नव्हे.

सुरुवात 'आजीच्या काळा'पासूनच करते, कारण तो काळ मी थोडाफार पाहिला आहे.

माझा जन्म १९५१ चा, घरी, माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत. आमच्या या पट्ट्यात तेव्हा अणुऊर्जा केंद्र नव्हतं (ते सुरू झालं १९६९ मध्ये) आणि एमआयडीसीही नव्हती. भातशेती, वाड्या, किनाऱ्याला मासेमारी आणि आत वारल्यांचे पाडे. बाळंतपण म्हणजे सुईण. ती एक बाळंतपण उरकून दुसऱ्या घरी यायची, मधे कधी शेतावरूनही यायची. नाळ कापायला घरातला विळा नाहीतर बांबूची धारदार कांब. नाळेच्या जागी राख. बाळाला पहिले दोन-तीन दिवस आईचं दूध नाही, कारण तो चीक, तो 'जड', तो पिळून टाकायचा. त्याऐवजी गुळाचं पाणी, मधाचं बोट, नाहीतर कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध. मग वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून गुटी. ओव्याची आणि शेपाची धुरी. हे सगळं प्रेमाने व्हायचं, त्यात शंका नाही.

पण माझ्या आधीचा भाऊ सातव्या दिवशी गेला. आई सांगायची, दोन दिवस त्याला तोंड उघडून पिता येईना, अंग ताठ व्हायचं. "सटवाईने नेला," एवढंच ती म्हणायची. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाटी-पेन्सिल ठेवायची, दिवा जागता ठेवायचा, बाळाजवळ कुणीतरी जागं राहायचं. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता हे मला कळायला माझी पन्नाशी उलटली. नाळेच्या जखमेतून आत गेलेला जिवाणू साधारण सातव्या दिवसाच्या सुमारास आपलं रूप दाखवतो. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाला एकटं सोडायचं नाही ही प्रथा याच अनुभवातून आली असेल का, असं मला वाटत राहतं. पुरावा काही नाही, माझा आपला तर्क. भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात निर्मूलनाच्या पातळीवर आला तो थेट २०१५ मध्ये. गरोदरपणातली लस, दवाखान्यातली बाळंतपणं आणि सुईणींना शिकवलेल्या पाच स्वच्छता (हात, जागा, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि नाळेची जखम) यांनी ते घडवलं.

तेव्हा 'नैसर्गिक बाळंतपणात चांगले जिवाणू मिळतात' हे वाक्य मला पहिल्यांदा तिथेच अडलं. घरच्या बाळंतपणात जिवाणू मिळायचे हे खरं, पण ते चांगलेच असतील अशी हमी कुणी दिली होती? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी जन्मलेल्या बाळांची काळजी घ्यायला लावली, जंतुसंसर्ग ओळखून तिथल्या तिथे इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे आधी ते किती बाळांना नेत असतील!

आता जिवाणूंच्या शोधाची गोष्ट. ती मला फार आवडली, कारण ती बाळाच्या शीपासून सुरू होते.

थिओडोर एशेरिख नावाचे एक बालरोगतज्ज्ञ जर्मनीत म्युनिक शहरात काम करत होते. १८८५-८६ च्या सुमारास त्यांनी नवजात बाळांची शी तपासायला घेतली. त्यांना दिसलं की जन्मतःच होणाऱ्या त्या काळ्या चिकट शीत जवळजवळ काही नसतं, आणि एका दिवसाच्या आत तिथे जिवाणूंची वस्ती सुरू होते. त्यातच त्यांना जो जिवाणू सापडला त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं, आपण ज्याला ई. कोलाय म्हणतो तो. पाणी दूषित झालं की वर्तमानपत्रात ज्याचं नाव येतं तो मूळचा बाळाच्या लंगोटातून शोधला गेला हे मला अजिबात माहीत नव्हतं. पुढे एशेरिख व्हिएन्नाला गेले आणि तिथे त्यांनी आयांनी अंगावर पाजावं म्हणून मोठी खटपट केली.

मग १८९९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक वेगळाच जिवाणू दिसला. टोकाला दोन फाटे फुटलेला, बेचकीसारखा. त्यावरून त्याचं नाव बायफिडोबॅक्टेरिया. बाहेरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये तो इतका नसे.

शंभर वर्षं या विषयात एक अडचण राहिली. जिवाणू ओळखायचा तर तो काचेच्या बशीत वाढवावा लागायचा, आणि आतड्यातल्या पुष्कळ जिवाणूंना हवा लागली की ते मरतात. माझ्या विद्यार्थिनीने छान सांगितलं, "बाई, वर्गात जी मुलं हात वर करतात तेवढीच मोजली तर काय होईल?" आता जिवाणूंच्या एका ठरावीक जनुकाचा क्रम वाचतात. प्रत्येक जिवाणूत तो असतो आणि प्रत्येकात थोडा वेगळा असतो. त्यावरून हात वर न करणाऱ्यांचीही हजेरी लागते.

याच पद्धतीने २०१० मध्ये मारिया डोमिंगेझ-बेल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या एका रुग्णालयात नऊ आया आणि दहा बाळं तपासली. नैसर्गिक जन्मलेल्या बाळांच्या अंगावर आईच्या जन्ममार्गातले जिवाणू होते, सिझरच्या बाळांच्या अंगावर त्वचेवर राहणारे. दहाच बाळं! पण ही बातमी जगभर गेली आणि माझ्या त्या मेसेजचं मूळ बहुधा तिथेच असावं.

आपल्याकडे पुण्यात असं काम झालं आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी वर्षानुवर्षं आपल्या लोकांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. एका अभ्यासात तर त्यांच्या गटाने तीन पिढ्या एका छपराखाली राहणारी एकत्र कुटुंबं घेतली आणि वयाप्रमाणे जिवाणू कसे बदलतात ते पाहिलं. एकत्र कुटुंबाचा असाही उपयोग! २०१२ मध्ये शौचे आणि त्यांचे सहकारी, त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आशिष बावडेकर होते, यांनी पूर्ण दिवसांच्या निरोगी भारतीय बाळांवरचा निबंध 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मध्ये छापला. नैसर्गिक जन्मलेली बाळं आणि सिझरची बाळं यांच्या शीतले जिवाणू स्पष्ट वेगळे निघाले. सिझरच्या बाळांत सिट्रोबॅक्टर, ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांचा भरणा होता आणि बायफिडोबॅक्टेरिया सापडलेच नाहीत. नैसर्गिक जन्मलेल्यांत बायफिडोबॅक्टेरिया होते.

इथपर्यंत मेसेज बरोबर होता. सूनबाईला हे सांगताना माझा आवाज जरा खालीच गेला.

पण निबंधाची दुसरी बाजू मेसेजवाल्याने वाचली नसावी. नैसर्गिक जन्मलेल्या पुण्याच्या बाळांत एक पाहुणा मोठ्या संख्येने होता, त्याचं नाव ॲसिनेटोबॅक्टर. त्यातली एक जात दवाखान्यात होणाऱ्या संसर्गांसाठी बदनाम आहे आणि दुसरी नवजात बाळांच्या कक्षात सापडल्याची नोंद आहे. बाळं निरोगी होती, त्यांना काही झालं नव्हतं. आणि जिवाणूंची विविधता पाहावी तर ती सिझरच्या बाळांत जास्त निघाली. विविधता म्हणजे चांगलंच, असं मी आजवर समजत होते! म्हणजे नैसर्गिक मार्गाने आलं म्हणून बाळ जुन्या काळच्या शुद्ध जगात येत नाही, ते आजच्या जगात येतं. जी खाट, जे हात, जी हवा असेल तिथलेच पाहुणे त्याच्याकडे येणार. हात काय आणतात हे व्हिएन्नाच्या सेमेलवाइस डॉक्टरांनी १८४७ मध्येच दाखवलं होतं. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तर बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने उतरली. लोकांनी मात्र त्यांना वेड्यात काढलं.

२०१९ मध्ये इंग्लंडमधून बराच मोठा अभ्यास आला, ५९६ बाळांचा. तिथेही फरक ठळक दिसला. सिझरच्या बाळांत आईकडून येणारे बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू फार कमी, आणि दवाखान्यात वावरणारे एंटरोकॉकस, क्लेबसिएला जास्त. पण नैसर्गिक जन्मलेल्या बाळांना मिळालेले जिवाणू मुख्यतः आईच्या आतड्यातले होते, जन्ममार्गातले नव्हेत. मधल्या काळात परदेशात सिझरच्या बाळाला आईच्या जन्ममार्गातला ओला बोळा फिरवायची पद्धत सुरू झाली होती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं की संशोधनाबाहेर हे करू नका, आईकडचा एखादा घातक जंतूही बाळाला जाईल. आपल्याकडे कुणी हे घरी करून पाहू नये म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आणि फरक पडतो तो का? नुसत्या वाटेमुळे नाही. सिझरच्या आधी आईला ॲंटिबायोटिक देतात. ते द्यावंच लागतं, नाहीतर टाक्यांत पू होईल. मग आई गुंगीत किंवा दुखण्यात, बाळ पाळण्यात, पहिलं पाजणं लांबतं. दवाखान्यात मुक्कामही जास्त पडतो. यांतली प्रत्येक गोष्ट जिवाणूंच्या वस्तीवर परिणाम करते.

हा फरक टिकतो का, हा सूनबाईचा खरा प्रश्न होता. त्या इंग्लंडच्या अभ्यासात बाळ वरचं खायला लागल्यावर बहुतेक फरक कमी कमी होत गेला, बॅक्टेरॉइड्सची उणीव काही बाळांत रेंगाळली. सिझर झालेल्या मुलांत दमा थोडा जास्त आढळतो हे बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण २०२० मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ७०० मुलांचा अभ्यास छापला, त्यात दम्याचा धोका वाढलेला दिसला तो फक्त ज्यांच्या पोटात वर्षाचं होईपर्यंत सिझरची खूण टिकून राहिली त्यांच्यात. ज्यांची वस्ती वर्षभरात रुळावर आली त्यांच्यात नाही. 'कधीच मिळत नाहीत' आणि 'जन्मभर' हे दोन्ही शब्द मेसेजवाल्याने पदरचे घातले होते.

सिझरचा इतिहासही थोडा सांगते. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून सिझेरियन हे नाव पडलं असं मीही वर्गात सांगितलेलं आहे. ते बहुधा खोटं. त्याची आई त्यानंतर कित्येक वर्षं जगली, आणि त्या काळी पोट फाडल्यावर बाई वाचत नसे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आहे की गर्भिणी मेली आणि पोटात हालचाल दिसत असेल तर वैद्याने लगेच पोट चिरून बाळ काढावं. बिंदुसाराचा जन्मही असाच झाल्याची कथा जैन ग्रंथांत आहे. सगळीकडे आई मेलेलीच. आई आणि बाळ दोघंही घरी येतात ही गोष्ट किती नवी आहे हे आपण विसरलो.

आणि मग आता उलटं टोक गाठलं, हेही लिहायलाच हवं. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शंभरात दहा ते पंधरा सिझर पुरेत असं म्हटलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात हे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २५.४, म्हणजे चारातलं एक. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांच्या वर, सरकारीत १४ च्या आसपास. आईचं पोट सरकारी की खासगी यावरून बाळ आडवं होत नाही! यातली कित्येक सिझरं टळू शकली असती हे उघड आहे. पण त्याचा जाब डॉक्टरांना आणि दवाखान्यांना विचारायचा की टाके घातलेल्या बाईला? आपण बाईलाच विचारतो. "नॉर्मल का सिझर?" हा प्रश्न मुलगा-मुलगीच्या पाठोपाठ येतो, आणि उत्तर ऐकून आपण "अरेरे" म्हणतो. मीही म्हटलेलं आहे.

शेवटी दुधाबद्दल. हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. दुधातल्या घन भागात स्निग्धांश आणि दुधाची साखर यांच्या खालोखाल त्यांचंच प्रमाण. मग त्या आहेत कशाला? तर बायफिडोबॅक्टेरियांसाठी! आई बाळाला पाजते तेव्हा बाळाच्या पोटातल्या त्या जिवाणूंनाही जेवायला घालत असते, आणि ते जेवले की आतड्यात आम्लता वाढून वाईट जिवाणूंना जागा उरत नाही. या साखरा सर्वांत जास्त असतात त्या पहिल्या दिवसांच्या चिकात. जो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला आणि वर मधाचं बोट दिलं. मधात कधीकधी बॉट्युलिझमचे बीजाणू असतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ते रुजून विष तयार करू शकतात, हे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात लक्षात आलं. तेव्हा आजीच्या काळाबद्दल मी आता जपून बोलते. दुसरीकडे, मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ज्यांच्या आईला दूध नाही अशा बाळांना दुसऱ्या आईचं दूध मिळावं म्हणून. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, कोण जाणे.

आमच्या सूनबाईने शुद्धीवर आल्यावर काही तासांतच बाळाला घेतलं होतं. नर्सबाईंनी आडवं झोपूनच कसं पाजायचं ते शिकवलं. चीक वाया गेला नाही. मी तेव्हा पिशवीत मधाची बाटली घेऊन गेले होते आणि नर्सबाईंनी ती परत पिशवीत ठेवायला लावली म्हणून फुगून बसले होते. आता हे सगळ्यांसमोर कबूल करते.

काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, हे त्याच ग्रुपवर टाका ना." म्हटलं, "एवढं लांबलचक कोण वाचणार ग?" तर म्हणते, "ज्यांनी ते वाचलं ते हेही वाचतील."

नात उठली वाटतं. ग्रुपवर टाकते आणि जाते.